अवयवदान आणि ‘लोक काय म्हणतील?’

शास्त्रापेक्षा रूढी बलवान, असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. शाळेत विज्ञान शिकलेला मनुष्यही अमावस्येला विहिरीच्या खोदकामाला हात घालत नाही. त्याला अमावस्येची भीती वाटते असे नाही. पण खोदकामात काही विपरीत घडले तर ‘याने अमावस्या पाळली नाही’ असे चारचौघे म्हणतील, याची मात्र त्याला नक्की भीती वाटते. आपल्या अनेक निर्णयांमागे असे चारचौघे उभे असतात. लग्नात किती खर्च करावा, मुलीला कितवीपर्यंत शिकवावे, तेरवीला किती पंगती उठवाव्यात, हे सारे आपण ठरवतो असे आपल्याला वाटते. वस्तुतः ते गावाने आधीच ठरवून ठेवलेले असते.

प्रस्तुत लेखात रूढीच्या या बळाचा विचार मी अवयवदानापुरताच करणार आहे. मृत्यूनंतर आपले मूत्रपिंड, यकृत, हृदय दुसऱ्याच्या उपयोगी पडावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता ज्याचा त्याचा आहे. ज्याचे शरीर त्याची इच्छा! परंतु थोडे खोलात गेले की ध्यानात येते की, हा प्रश्न घराचा, भावकीचा आणि गावाचा आहे. म्हणूनच वैद्यकशास्त्राबरोबर समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही त्याकडे पाहिले पाहिजे, असे मला वाटते.

दान कोणते आणि केव्हा?

आपल्याकडे देहदान, नेत्रदान आणि अवयवदान हे तीन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. तो घोळ आधी दूर केला पाहिजे.

देहदान म्हणजे संपूर्ण मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयास शरीररचनेच्या अभ्यासासाठी देणे. आपल्या यवतमाळातही १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना पहिल्याच वर्षी मानवी देहाचा अभ्यास करावा लागतो, आणि तो देह कोणीतरी दिलेला असावा लागतो. नेत्रदान म्हणजे मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळ्यांचे पारदर्शक पटल देणे. मृत्यू घरी झाला तरी नेत्रदान करता येते. वय आड येत नाही, चष्मा आड येत नाही, आणि चेहरा विद्रूप होत नाही.

तिसरे अवयवदान. याची गोष्ट मात्र निराळी आहे. घरी खाटेवर मरण आले तर हृदय, यकृत, मूत्रपिंड देता येत नाहीत. अपघातात डोक्याला जबर मार बसला किंवा मेंदूत रक्तस्राव झाला, तर कधी कधी मेंदूचे काम कायमचे थांबते. पण रुग्णालयातील यंत्रामुळे श्वास चालू राहतो आणि हृदय काही काळ धडधडत राहते. याला मेंदूमृत्यू म्हणतात. बेशुद्धी वेगळी आणि मेंदूमृत्यू वेगळा. बेशुद्ध मनुष्य परत येऊ शकतो; मेंदू मेलेला मनुष्य परत येत नाही. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ साली झाला आणि महाराष्ट्रात तो १९९५ पासून लागू झाला. या कायद्याने मेंदूमृत्यूला मृत्यू म्हणून मान्यता दिली. चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून तसा दाखला द्यावा लागतो. अवयव बसवणारे डॉक्टर या मंडळात असू शकत नाहीत. त्यानंतरच नातेवाइकांची लेखी संमती घेतली जाते. विदर्भापुरती गरजू रुग्णांची यादी आणि अवयवांचे वाटप यांची व्यवस्था नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे आहे. अवयवांची खरेदी किंवा विक्री करणे हा गुन्हा आहे.

एका मेंदूमृत व्यक्तीची दोन मूत्रपिंडे, यकृत, हृदय, दोन फुप्फुसे, स्वादुपिंड आणि आतडे मिळून आठ जणांपर्यंत जीव वाचू शकतात. तरीही १४० कोटींच्या या देशात २०२३ साली मृत्यूनंतर अवयव देणारे साधारण अकराशेच होते. हजाराचा आकडा त्या वर्षी प्रथमच ओलांडला गेला. दहा लाख लोकसंख्येमागे हे प्रमाण एकाहूनही कमी पडते. स्पेनमध्ये तेच प्रमाण पन्नाशीच्या जवळ आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. सप्टेंबर २०२३ पासून आधार क्रमांकाच्या साहाय्याने अवयवदानाची प्रतिज्ञा ऑनलाइन नोंदवता येते. परंतु अशी प्रतिज्ञा केलेली असली तरी प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा नातेवाइकांना विचारले जाते, आणि ते ‘नाही’ म्हणाले तर तेथेच विषय संपतो. म्हणजे सही करणारा एक आणि निर्णय देणारे दुसरेच! आणि हे दुसरे कोणत्या घटकेला निर्णय देतात? तरणाताठा मनुष्य गेला आहे, त्याची छाती यंत्रावर हलताना दिसते आहे, बाहेर गावाहून जीप भरून माणसे आली आहेत, आणि हाती काही तासच आहेत. अशा वेळी कोणी नवा विचार करू शकत नाही. मनुष्य जे रूढ आहे तेच करतो. अवयवदानात लोकरीतीला एवढे महत्त्व का, त्याचे उत्तर येथे आहे.

लोकरीत कशी काम करते?

विल्यम ग्रॅहॅम समनर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९०६ साली लोकरीतींवर ग्रंथ लिहिला. माणसे एकत्र राहू लागली की काही वागणुकी सवयीच्या होतात. पुढे त्यांतील काहींना ‘हेच योग्य’ असा नैतिक दर्जा मिळतो आणि त्या मोडणाऱ्याला समाज शिक्षा करतो. ही शिक्षा वाळीत टाकण्याचीच असली पाहिजे असे नाही. पारावरचे कुजबुजणे, बायकांचे हातवारे, सोयरिकीच्या वेळी निघणारा विषय, एवढेही पुरते.

अलीकडच्या अभ्यासकांपैकी रॉबर्ट चाल्डिनी यांनी लोकरीतीचे दोन पदर सांगितले आहेत. एक, ‘लोक काय करतात’. दुसरा, ‘लोकांना काय पसंत आहे’. हे दोन एकच असतात असे नाही. रस्त्यावर थुंकणे कोणालाच पसंत नाही, तरी पुष्कळ लोक थुंकतात. अवयवदानाच्या बाबतीत याच्या उलट आहे. कोणालाही विचारा, ‘चांगले काम आहे’ असेच उत्तर मिळेल. करताना मात्र कोणी दिसत नाही. आणि कोणी दिसत नाही, म्हणून दुसराही करीत नाही.

यातून आणखी एक चमत्कारिक गोष्ट घडते. प्रत्येकाच्या मनात एक असते, पण ‘बाकीच्यांच्या मनात उलट असेल’ असे गृहीत धरून प्रत्येक जण गप्प बसतो. फ्लॉइड ऑलपोर्ट यांनी या सामूहिक गैरसमजाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुस्तकात हे वाचताना ते मला अमेरिकेतले वाटले होते. पण ते राळेगाव तालुक्यातही घडते.

माझ्या मामाच्या गावची ही हकिकत आहे. मामाच्या घरासमोरील एक मुलगा मोटारसायकलच्या अपघातात सापडला. त्याला आधी यवतमाळला व मग नागपूरला नेले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मेंदूमृत्यू झाल्याचे सांगितले आणि अवयवदानाबद्दल विचारले. मुलाचे वडील पूर्वीच वारले होते. थोरले चुलते, धाकटे चुलते आणि दोन मामा अशी मंडळी त्या खोलीत होती. थोरले चुलते म्हणाले, “आपल्याच्यानं असं होत नाही. गावाले तोंड कसं दाखवाव?” बाकीच्यांनी माना हलवल्या. पोराला घरी आणले, अग्नी दिला.

तेरवीला मी आईबरोबर गेले होते. ओसरीवर तोच विषय निघाला. धाकटे चुलते म्हणाले, “म्या कायले नाही म्हनलं असतं? पन मोठ्या दादापुढं बोलाव कसं?” मामा म्हणाले, त्यांना वाटले चुलत्यांच्या घरची रीत असेल. आणि थोरले चुलते स्वतः काय म्हणाले? “मले सोताले तं काही वाटलं नसतं. पन बाकीचे काय म्हनतीन, म्हनून मीच नाही म्हनून टाकलं.”

म्हणजे त्या खोलीत विरोध असा कोणाचाच नव्हता. आणि तरीही एकमताने नकार झाला!

मुलाची आई आतल्या खोलीत बसली होती. कायद्याप्रमाणे पाहिले तर अविवाहित मुलाच्या बाबतीत आईचाच अधिकार पहिला. ती माझ्या आईला म्हणाली, “मले कोनं इचारलंच नाही, बाई. पोराचं काळीज कुठं तं धडधडत रायलं असतं.” ज्याच्या नावाने सारे नाही म्हणत होते ते ‘लोक’ कोण, हे मला त्या दिवशी समजले. ते दुसरे-तिसरे कोणी नसून, एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसलेले आपणच असतो.

रीतिरिवाज आड येतात काय?

अवयवदानाची चर्चा निघाली की सुशिक्षित लोक अंधश्रद्धेवर खापर फोडून मोकळे होतात. मला हे अर्धेच खरे वाटते. ‘या जन्मी डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा जन्मतो’ असे म्हणणारी म्हातारी माणसे आहेत, हे खरे. देह पुरता असावा, त्याची चिरफाड होऊ नये, ही भावना तर फारच खोल आहे. परंतु तिला नुसते अडाणीपण म्हणणे बरोबर होणार नाही. खांदा देणे, अग्नी देणे, राख सावडणे, दहावा, तेरवी, या सर्व विधींनी गावाला रडायला आणि सावरायला जागा दिलेली आहे. ज्यांच्या घरचे माणूस गेले त्यांना ‘आता पुढे काय करायचे’ हा विचार करावा लागत नाही; रीत त्यांना हाताला धरून पुढे नेते. तिथे कोणी नवे काही सुचवले की तो आधारच काढून घेतल्यासारखा होतो.

म्हणून हे स्पष्ट सांगितले पाहिजे की, अवयवदान केल्याने यांतील एकही विधी चुकत नाही. अवयव काढल्यानंतर शरीर नीट शिवून सन्मानाने घरच्यांच्या स्वाधीन केले जाते. तिरडी निघते, अग्नी दिला जातो, तेरवी होते. उशीर होतो तो काही तासांचा. अपघाती मृत्यूत शवविच्छेदन तर एरवीही करावेच लागते. तेव्हा आपण शरीराला हात लावू देतोच, फक्त त्यातून कोणाचा जीव वाचत नाही.

शिवाय आपली रीत एकच एक आहे असेही नाही. आपल्याच जिल्ह्यात कोणी दहन करतात, कोणी दफन करतात. लिंगायतांत समाधी देतात. लहान मूल गेले तर हिंदू घरांतही पुरतात. आपल्या वणीपासून जवळच असलेल्या वरोऱ्याच्या आनंदवनात २००८ साली बाबा आमटे गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना दहन न करता मातीत विसावा देण्यात आला. त्यामुळे त्यांच्याविषयीचा लोकांचा आदर कमी झाला नाही. यावरून असे दिसते की, मोठ्या मनाने आणि आधी सांगून ठेवून केलेला बदल समाज पचवतो.

आणखी एक विचार मनात येतो. वज्रासाठी आपल्या अस्थी देणारे दधीची आणि कबुतरासाठी स्वतःचे मांस कापून देणारा शिबी राजा यांच्या कथा ऐकत आपण वाढलो. मग ज्या समाजाच्या कथेत एवढे दान आहे त्याच्या व्यवहारात ते का नाही? याचे उत्तर शेजारच्या श्रीलंकेत सापडते. शिबी राजाने आपले डोळे दान केले, अशी जातककथा बौद्धांत आहे. डॉ. हडसन सिल्वा यांनी तेथे नेत्रदानाची चळवळ उभी केली आणि १९६१ साली नेत्रदान संस्था स्थापन केली. दान हे पुण्यकर्म आहे ही भावना त्या समाजात होतीच. संस्थेने तिला घरोघरी करता येईल अशी कृती जोडून दिली. परिणामी त्या लहानशा देशाने स्वतःची गरज भागवून इतर अनेक देशांना नेत्रपटले पाठवली. कथा दोन्हीकडे आहे. आपण कथेला हात जोडले. त्यांनी तिची रीत केली.

फलकावर काय लिहावे?

लोकरीतीचा हा विचार प्रचाराच्या दृष्टीनेही उपयोगाचा आहे. आपल्याकडच्या भाषणांत आणि फलकांवर पुष्कळदा असे असते : ‘भारतात अवयवदान करणारे अत्यल्प! लोकांची उदासीनता!’ हेतू चांगला आहे, पण ऐकणारा त्यातून काय घेतो? ‘कोणीच करीत नाही, मग मी नाही केले तर काय बिघडले?’

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात दगड झालेल्या प्राचीन झाडांचे राष्ट्रीय उद्यान आहे. पर्यटक तेथून तुकडे उचलून नेत. चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे निरनिराळ्या पाट्या लावून पाहिल्या. ‘यापूर्वी पुष्कळ लोकांनी तुकडे नेल्याने उद्यानाची हानी झाली’ अशा अर्थाची पाटी जेथे होती, तेथे चोरी जास्त झाली. ‘कृपया तुकडे नेऊ नका’ असे साधे सांगितले तेथे कमी झाली. पहिल्या पाटीने निषेध करता करता ‘सगळे असेच करतात’ हेही सांगून टाकले होते.

ब्रिटनमध्ये अवयवदानावरच असा प्रयोग झाला व त्याचा अहवाल २०१३ साली निघाला. वाहनांचा कर भरण्यासाठी सरकारी संकेतस्थळावर आलेल्या दहा लाखांहून अधिक लोकांना आठ वेगवेगळ्या प्रकारचे आवाहन दाखवले गेले. ‘तुम्हाला अवयवाची गरज पडली तर तुम्ही घ्याल ना? मग इतरांनाही मदत करा’ अशा आशयाच्या आवाहनाने सर्वांत जास्त लोक नोंदणीस तयार झाले. ‘रोज हजारो लोक नोंदणी करतात’ या वाक्याचाही उपयोग झाला. पण त्याच वाक्याशेजारी हसऱ्या लोकांच्या घोळक्याचे चित्र टाकताच नोंदणी उलट घटली. मला यावरून असे वाटते की, ‘लोक करतात’ हे सांगणे पुरेसे नाही. ते लोक आपले वाटले पाहिजेत. मुंबईच्या अनोळखी हसऱ्या चेहऱ्यांपेक्षा शेजारच्या गावातील एका ओळखीच्या घराचे नाव घाटंजी-आर्णीच्या माणसाला जास्त पटेल.

कायदा बदलून भागेल काय?

काही जण म्हणतात, लोकांची समजूत काढत बसण्यापेक्षा कायदाच करा : ज्याने ‘नको’ म्हणून लिहून दिले नाही त्याची संमती आहे असे धरा. युरोपातील अनेक देशांत असा कायदा आहे. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन या दोन अभ्यासकांनी २००३ साली एक तुलना प्रसिद्ध केली. जर्मनीत ‘हो’ लिहून द्यावे लागे. तेथे संमतीचे प्रमाण १२ टक्के होते. शेजारच्या ऑस्ट्रियात ‘नको’ लिहून द्यावे लागे. तेथे ते जवळजवळ १०० टक्के होते. दोन्ही देशांची भाषा एक, संस्कृतीही बरीचशी सारखी. फरक एवढाच की, काहीच न करणाऱ्याला एका देशात दाता धरले जाई, दुसऱ्यात धरले जात नसे. फॉर्मवर आधीपासून जे ठरलेले असते तेच समाजाला मान्य आहे असे लोक समजतात. फॉर्म हीसुद्धा एक लोकरीतच म्हणायची!

परंतु कागदावरील संमती म्हणजे प्रत्यक्ष दान नव्हे. स्पेनने असा कायदा १९७९ मध्येच केला. दहा वर्षांनी, १९८९ मध्येही तेथील दात्यांचे प्रमाण दहा लाखांमागे चौदाच्या आसपास होते. त्या वर्षी राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना स्थापन झाली. रुग्णालयारुग्णालयांतून नातेवाइकांशी हळुवारपणे बोलणारे शिकलेले समन्वयक नेमले गेले, आणि मग ते प्रमाण चढत गेले. आजही स्पेनमध्ये नातेवाइकांना विचारल्याशिवाय अवयव घेत नाहीत. इंग्लंडने २०२० मध्ये कायदा बदलला. तेथेही घरच्यांना विचारतातच. तात्पर्य, कायदा कसाही असला तरी शेवटी ती खोली येतेच, आणि तिथे बसलेली माणसे येतातच.

आपल्याकडे तर आणखी एक अडचण आहे : अविश्वास. ‘डॉक्टर मुद्दाम मारतील’, ‘गरिबाचे घेऊन श्रीमंताला देतील’ असे लोक बोलतात. किडनीच्या चोरट्या बाजाराच्या बातम्या या देशात अनेकदा आल्या आहेत, त्यामुळे या भीतीला हसण्यात अर्थ नाही. तिला उत्तर एकच : चार डॉक्टर, दोन तपासण्या आणि नागपूरची यादी ही व्यवस्था लोकांना त्यांच्या भाषेत आणि वेळेआधी समजावून सांगणे.

लोकरीतीची दुसरी बाजू

लोकरीत फक्त दान अडवते असे नाही. काहींना ती द्यायलाही लावते. भारतात होणाऱ्या प्रत्यारोपणांपैकी बहुतेक जिवंत दात्यांकडून होतात, आणि या जिवंत दात्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी आहे. आई मुलाला देते, बायको नवऱ्याला देते, बहीण भावाला देते. अवयव मिळणाऱ्यांत मात्र पुरुष कितीतरी अधिक आहेत. प्रेम हे कारण आहेच. पण ‘तो कमावता आहे’, ‘बायकोनेच द्यायचे असते’ हीदेखील कारणे आहेत. नवऱ्याने बायकोला मूत्रपिंड दिले तर त्याचे कौतुक होते. बायकोने दिले तर त्यात विशेष काय, असे म्हणतात! ज्या दानाला ‘नाही’ म्हणण्याची सोय नाही त्याला दान म्हणावे काय, याचा विचार सर्वांनी केला पाहिजे. मृत्यूनंतरचे अवयवदान वाढले तर जिवंत स्त्रियांवरचा हा भार थोडा तरी हलका होईल.

आणि मामाच्या गावची ती आई आठवते. जिवंतपणी देण्याच्या वेळी जिला सर्वांत आधी विचारले जाते, तिला निर्णय घेण्याच्या वेळी कोणी विचारीत नाही.

रीत बदलते

तरीपण निराश होण्याचे कारण नाही. एके काळी रक्त देण्यालाही लोक भीत. ‘रक्त दिले की अंगातले बळ जाते’ असे म्हणत. गरजेपोटी रक्त विकणाऱ्यांवर रुग्णालये अवलंबून असत. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री बंद झाली. आज जयंती असो, गणेशोत्सव असो की पुढाऱ्याचा वाढदिवस, रक्तदान शिबिराचा मांडव पडतोच. रक्त देणाऱ्या मुलाला घरी आता कोणी रागावत नाही. एवढा मोठा बदल आपल्या आईवडिलांच्या हयातीत झाला.

लातूर जिल्ह्यात निलंगा तालुक्यात आनंदवाडी नावाचे काहीशे वस्तीचे गाव आहे. या गावाने अवयवदानाचा संकल्प केल्याची बातमी २०१९ मध्ये वर्तमानपत्रांत आली होती. घरांच्या पाट्यांवर स्त्रियांची नावे लावणारे हेच ते गाव. संकल्प म्हणजे प्रत्यक्ष दान नव्हे, हे मान्य. पण सगळ्या गावासमोर संकल्प झाला की, प्रसंगी ‘हो’ म्हणणाऱ्याला धैर्य गोळा करावे लागत नाही. गावाला तोंड कसे दाखवावे, हा प्रश्नच उरत नाही.

मोठ्या माणसांच्या उदाहरणाचाही उपयोग होतो. २०१० च्या जानेवारीत ज्योती बसू वारले. त्यांचा देह वैद्यकीय शिक्षणासाठी देण्यात आला. पुढच्याच महिन्यात नानाजी देशमुख वारले. त्यांचाही देह त्यांच्या इच्छेनुसार दिला गेला. नानाजींचा जन्म आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील कडोळीचा. राजकारणात दोन टोकांना उभे असलेले हे दोघे या एका बाबतीत एकत्र आले. तमिळनाडूत २००८ साली एका डॉक्टर दांपत्याने अपघातात गेलेल्या आपल्या मुलाचे अवयव दिले, आणि त्या एका घटनेने सारे राज्य हलले. त्याच राज्याने २०२३ मध्ये अवयवदात्यांवर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार करण्याचे ठरवले. गावातल्या साध्या माणसाच्या तिरडीला सरकारी मानवंदना मिळू लागली, तर ‘लोक काय म्हणतील’ या प्रश्नाचे उत्तरच बदलून जाते.

आपण काय करावे?

३ ऑगस्ट हा भारतीय अवयवदान दिन आहे. १९९४ साली याच दिवशी दिल्लीत देशातील पहिली यशस्वी हृदयप्रत्यारोपण शस्त्रक्रिया झाली. त्या दिवशी महाविद्यालयात व्याख्यान होईल, राष्ट्रीय सेवा योजनेची मुले फेरी काढतील, हे चांगलेच आहे. पण माझे म्हणणे याहून साधे आहे.

आपल्या महाविद्यालयातील कितीतरी मुलेमुली त्यांच्या घरातली कॉलेजात आलेली पहिलीच आहेत, मीही त्यांतलीच. बँकेचा फॉर्म, पीकविम्याचा अर्ज, तहसीलची नोटीस, सारे कागद घरात आपल्याच हाती दिले जातात. ‘वाचून सांग बाप्पा, काय लिवलं आहे’ असे म्हणतात. उद्या नागपूरच्या किंवा सावंगीच्या एखाद्या रुग्णालयात आपल्या घरावर तशी वेळ आली, तर संमतीचा तो कागदही आपल्याच हाती येणार आहे. त्या घटकेला वडीलधाऱ्यांना मेंदूमृत्यू समजावून सांगणे कोणालाही जमणार नाही. ते आज, सगळे सुखरूप असताना, रात्रीच्या जेवणानंतर अंगणात बसून सांगता येईल.

तेव्हा नुसती प्रतिज्ञा नोंदवून तो कागद पुस्तकात ठेवू नये. घरात सर्वांसमोर बोलावे : ‘माझे काही झाले तर द्या’ एवढे स्पष्ट म्हणावे. आईला, आजीला, काकूला विचारावे. त्यांचे मत काय ते ऐकावे. कोणी ‘मला नको’ म्हटले तर त्याचाही मान ठेवावा, कारण सक्तीने मिळालेले ते दान नव्हे. पण कोणाच्या मनात काय आहे हे घराला माहीत असले पाहिजे. तसे झाले तर त्या खोलीत कोणाला एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसावे लागणार नाही.